राहून गेलेला ककार

माझ्या हातून एक माणूस मेला. म्हणजे कागदावर. पण कागदावर मेलेला माणूस घरात किती मेलेला असतो, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हतं, कारण बाविसाव्या वर्षी मला सगळंच ठाऊक होतं.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मी पुण्यात पत्रकारितेची पदविका करत होते. शेवटचे पाच महिने एखाद्या वर्तमानपत्रात उमेदवारी करायची, असा नियम होता. ज्यांचे काका-मामा कुठे ना कुठे होते, ते पुण्या-मुंबईच्या दैनिकांत चिकटले. मी मिरजेकडची, माझे मामा म्हशी पाळायचे. आमच्या सरांनी विचारलं, पालघरला ओळखीचं साप्ताहिक आहे, जातेस का? मी नकाशासुद्धा न बघता हो म्हटलं. घरात त्या वेळी माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं. एक स्थळ मी नाकारलं होतं, तेही मुलाकडच्यांसमोर, तोंडावर. वडिलांनी ते जे मनात धरलं ते धरलंच. निघाले त्या सकाळी आईनं हातावर दही घातलं आणि ती आत निघून गेली. कुठे राहणार, काय खाणार, अक्षरानं विचारलं नाही. मीही ठरवलं, विचारत नाहीत ना, मग सांगायचंही नाही. पत्ता कळवायचा नाही. तो राग घेऊन मी गाडीत बसले आणि तो पालघर आलं तरी उतरला नव्हता.

पालघरला खोली मिळेना. एकट्या मुलीला खोली हवी म्हटलं की घरमालकांकडे नेमके पाहुणे यायचे असायचे. शेवटी बोईसरला एका चाळीत मिळाली. कारखान्यांत कामाला आलेल्या माणसांची चाळ. शेजारी जळगावकडचं जोडपं, पलीकडे चार बिहारी, त्यांच्यापुढे अणुशक्ती केंद्रात कंत्राटी कामाला जाणारा एक साताऱ्याचा. सगळे पाळीत काम करणारे. त्यामुळे तिथे जो कुणी भेटायचा तो एकतर झोपायला निघालेला असायचा नाहीतर झोपेतून उठून कामाला. बोलणार कुणाशी? कुणाची झोपमोड नको म्हणून मी स्टोव्हसुद्धा हळू पेटवायची. रविवारी फारच जीव घाबरा झाला तर एसटीनं घिवलीला जायची. तिथे बायका बोंबील वाळत घालत असायच्या आणि मी लांब दगडावर बसून त्यांच्या गप्पा ऐकायची. त्यांच्याजवळ जाऊन बसायचं मला एकदाही सुचलं नाही. पत्रकार होणार होते म्हणे!

साप्ताहिकाची कचेरी पालघर स्टेशनजवळ, एका कापडाच्या दुकानाच्या मागे. दोन खोल्या. पुढच्या खोलीत तीन टेबलं, कुलूप लावलेला फोन, आणि छापून झालेले कागद टोचून ठेवायची लाकडी ठोकळ्यावरची एक सळई. मागच्या खोलीत छापायचं यंत्र आणि खिळ्यांच्या पेट्या. माणसं आम्ही तिघंच. संपादक पन्नाशीचे, पांढरा सदरा, खिशाला शाईचा कायमचा डाग. दुसरे खिळे जुळवणारे काका. ते शिरगावहून सायकलवर यायचे. एकेक अक्षर उचलून ओळ बसवताना तोंडानं मोठ्यांदा वाचायचे, तेही त्यांच्या बोलीत. मी लिहायची "आम्ही", ते म्हणायचे "आमी", आणि कधी कधी तोंडातलंच हातात यायचं. मग प्रुफात मी तो "ह" शोधून लाल शाईनं घालायची आणि मोठा विजय मिळवल्यासारखी त्यांच्याकडे बघायची. तिसरी मी.

संपादकांचं एकच शास्त्र होतं, ते म्हणजे सहा ककार. कोण, काय, केव्हा, कुठे, का, कसं. बातमी घेऊन गेलं की चष्म्यावरून बघत विचारायचे, ककार मोजलेस का? एक जरी राहिला असला तरी कागद परत. गटाराची बातमी असो की गणेशोत्सवाची, सहाच्या सहा हवेत. मला तो पोरकटपणा वाटायचा. पुण्यात आम्हाला विश्लेषण वगैरे शिकवलं होतं. इथे आल्यावर विश्लेषण करायला मिळालं ते निधनवार्तांचं.

होय, तेच माझं काम होतं. नव्या उमेदवाराला निधनवार्ता द्यायच्या, अशी त्या कचेरीची रीत. त्यासाठी एक छापील कागद होता. नाव, गाव, वय, व्यवसाय, आणि खाली "पश्चात". माणसं येऊन समोर बसायची, मी कागद भरायची आणि तेच ते वाक्य लिहायची, "त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे." पहिल्या महिन्यात मला रडू यायचं. दुसऱ्या महिन्यात यायचं थांबलं. तिसऱ्या महिन्यात कुणी दारात आलं की चेहरा न बघताच माझा हात त्या कागदांच्या गठ्ठ्याकडे जायला लागला. दिवसभर मी दुसऱ्यांच्या मागे कोण कोण राहिलं ते लिहायची आणि संध्याकाळी बोईसरच्या खोलीचं कुलूप काढताना आत अंधाराशिवाय कुणी नसायचं. फार एकटं वाटायचं. ते वाटणं मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायला आधी कुणीतरी लागतं.

ती बाई आली ती शिमग्यानंतरच्या मंगळवारी. मनोरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एक पाडा आहे, तिथली. पंचविशीची असेल. चपला दाराबाहेर काढून आत आली आणि तिथल्या शाळामास्तरांची चिठ्ठी तिनं माझ्यासमोर ठेवली. मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं आणि भाषा सरकारी. नवऱ्याचं नाव, गाव, वय, आणि पुढे लिहिलं होतं, "सदर इसम दिवाळीनंतर गेला आहे. मागे आई, पत्नी व दोन लहान मुली आहेत. तरी कृपया आपल्या पेपरात द्यावे, ही विनंती."

मी छापील कागद पुढे ओढला. आता इतकी वर्षं झाली तरी तो संवाद मला शब्दन् शब्द आठवतो. मी विचारलं, आजारी होते का? ती म्हणाली, नाय, धडधाकट होता. मी विचारलं, मग अचानक? ती म्हणाली, हां, एकदम उठला न गेला.

मी लिहिलं, "आकस्मिक निधन."

चार महिन्यांपूर्वीचं निधन आता कसं आणलं, हा प्रश्न मनात आला होता. खोटं कशाला बोलू? पण डोंगरातून कागद यायला वेळ लागतो, अशी मीच माझी समजूत घातली. तिच्या गळ्यात काळी पोत होती. हातात बांगड्या होत्या. मान वर केली असती तर मला दिसल्या असत्या. मी मान वर केली नाही. "येत्या शनिवारी येईल," एवढं सांगून मी पुढच्या कागदाला लागले. ती दाराशी जाऊन थांबली आणि म्हणाली, सगळीकडं जातो ना पेपर? मी म्हटलं, हो, तालुकाभर. तिचा चेहरा उजळला. तेसुद्धा मी पाहिलं आणि त्यातून मला काही कळलं नाही. नवऱ्याच्या निधनाची बातमी तालुकाभर जाणार म्हणून कुठल्या बाईचा चेहरा उजळतो?

काका खिळे जुळवत होते. मी कागदासोबत त्यांच्या टेबलावर सोडून आले होते ती मास्तरांची चिठ्ठीही त्यांनी वाचली असावी, कारण ते हातातली ओळ तशीच ठेवून पुढच्या खोलीत आले आणि विचारलं, "ताई, हा गेला का मेला?"

मला राग आला. आधीच त्या दिवशी प्रुफात सात "ह" घातले होते. मी म्हटलं, काका, सभ्य भाषेत त्याला निधन म्हणतात, तुम्ही मी लिहिलंय तसं जुळवा. ते मान हलवून मागे गेले आणि थोड्या वेळानं मागच्या खोलीतून त्यांचा आवाज आला, "त्यांच्या... पश्चात... आई... पत्नी..." त्या माणसाला आयुष्यभर असल्या शहाण्या पोरी भेटल्या असणार. तरी त्यांनी येऊन विचारलं होतं. एवढं त्यांचं माप त्यांच्या पदरात घालायलाच हवं.

शनिवारी अंक निघाला. मी माझी पाच निधनं मोजली, शुद्धलेखन तपासलं, आणि एकही चूक नाही म्हणून खूश झाले.

पुढच्या बुधवारी ती परत आली. अंक पदरात गुंडाळलेला होता. मी खुर्ची दाखवली, पण ती खाली जमिनीवरच बसली, भिंतीला टेकून. रडत नव्हती. बराच वेळ चालून आल्यासारखी दमलेली होती, आणि ती चालत आली होतीच, कारण मनोरची एसटी चुकली होती. अंक उलगडून तिनं माझ्यापुढे धरला. कुठल्या ओळीवर बोट ठेवायचं ते तिला माहीत नव्हतं म्हणून सगळ्या पानावरच हात ठेवला.

"तुमी छापलात म्हंजे तुमाला ठाव हाय," ती म्हणाली. "कुठं मेला तो? तेवढा सांगा. मी आनाला जाते."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग एकदम कळलं. गेला म्हणजे गेला होता. घरातून निघून. दिवाळीनंतर आईशी त्याची काहीतरी बोलाचाली झाली, तो उठला आणि चालू पडला. दरवर्षी पाड्यावरची माणसं वीटभट्ट्यांवर, खाडीच्या रेतीवर जातात, तसा कुठेतरी गेला असेल असं सगळ्यांनी धरलं. पण लांब गेलेली माणसंही शिमग्याला घरी येतात. तो शिमग्यालाही आला नाही. तेव्हा मास्तर म्हणाले, पेपरात दे, म्हणजे कुणीतरी वाचेल आणि त्याला सांगेल, तुझी माणसं वाट बघतायत. म्हणून ती आमच्याकडे आली होती. माणूस शोधून द्या म्हणायला. आणि आम्ही चार दिवसांनी छापील उत्तर दिलं होतं की मेला.

ती आम्हाला चूक म्हणतच नव्हती. तेच तर असह्य होतं. तिचा आमच्यावर विश्वास होता. पेपरवाल्यांनी शोधलं असणार, त्यांना सापडला असणार, त्याशिवाय का छापतील? फक्त एक गोष्ट लिहायची राहिली होती, ती विचारायला ती पंधरा-सोळा मैल चालत आली होती.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. म्हटलं, मला माहीत नाही. तो मेलाय असं कुणी सांगितलेलं नाही. मला वाटलं तू तेच सांगतेयस. माझी चूक झाली. हे मी तीन-चार वेळा वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. मागच्या खोलीतलं यंत्र थांबलं होतं. काका दारात येऊन उभे होते आणि माझ्याकडे न बघता त्यांनी तिच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

संपादक आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. काकांनी विचारलं होतं तेही. मला वाटलं, आता हाकलतील. त्यांनी सळईवरून मास्तरांची चिठ्ठी काढली, दोनदा वाचली आणि मला विचारलं, कुठला ककार राहिला? मी म्हटलं, कुठे. का राहिला? मी म्हटलं, मेलेल्या माणसाबद्दल कुणी विचारत नाही, कुठे गेला म्हणून. ते चष्मा काढून सदऱ्याला पुसत बसले. त्यांनी मला ओरडावं अशी माझी फार इच्छा होती.

दुरुस्ती मी लिहिली. "मागील अंकात यांच्या निधनाचे वृत्त नजरचुकीने प्रसिद्ध झाले, ते हयात असून..." इथे संपादकांनी लाल रेघ मारली. विचारलं, हयात आहेत, हे तुला माहीत आहे? मी म्हटलं, नाही. मग लिहू नकोस, म्हणाले. एकदा माहीत नसताना मारलंस, आता माहीत नसताना जिवंत करू नकोस. शेवटी छापलं ते एवढंच, की वृत्त चुकीचे होते, त्याबद्दल दिलगीर आहोत, आणि सदर व्यक्तीबद्दल कोणास माहिती असल्यास कळवावे. तीन ओळी. चौथ्या पानावर, खाली.

मी म्हटलं, तीन ओळींनी भागणार नाही, मला तिथे जाऊन सांगायचंय. संपादक म्हणाले, जा. रविवारी घिवलीच्या एसटीत बसायचं सोडून मी मनोरच्या एसटीत बसले. पुढे दीड तास चालत. वाटेत दोनदा वाटलं, मागे फिरावं. कुणी बघायला नव्हतं.

पाड्यावर मला बघून बायका उठून उभ्या राहिल्या. दुरुस्तीचा अंक तिथे अजून पोचला नव्हता. आधीच्या शनिवारचा अंक मास्तरांनी वाचून दाखवल्यावर तिथे रडारड झाली होती, दोन दिवस चुली पेटल्या नव्हत्या. मग सून पालघरला जाऊन आली आणि सांगायला लागली की मेला नाही, पेपरची चूक आहे. कुणाचा तिच्यावर विश्वास बसेना. छापलेलं खरं का बाईच्या तोंडचं खरं? लोक म्हणत, बिचारीचं डोकं फिरलं. म्हणजे माझ्या एका शब्दानं नवरा तर गेलाच होता, वर तिलाच खोटं पाडलं होतं.

त्याची आई ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन सांगितलं, चूक माझी आहे, तुमची सून खरं बोलते. पाड्यावरची पंधरा-वीस माणसं ऐकत होती. म्हातारीनं तोंड वळवलं. विचारलं, मंग हाय तो?

बाई गं! हो म्हणायचा मोह किती होता. एक अक्षर. सगळ्या अंगणाची सुटका झाली असती. पण डोळ्यांसमोर ती लाल रेघ आली. मी म्हटलं, मला माहीत नाही.

म्हातारी म्हणाली, "ठाव नाय ना? मंग बरा हाय. वाट बघाला येते आमाला."

एवढं बोलून ती उठली आणि सुनेला म्हणाली, चूल पेटव. मला तिथे नाचणीची भाकर आणि सुकटीची चटणी जेवायला घातली. ज्या घरातला माणूस मी मारला त्या घरात मी पोटभर जेवले. तीन महिन्यांत मला कुणी समोर बसून वाढलेलं ते पहिलं जेवण. भाकरी मोडताना मला रडू फुटलं आणि त्या दोन लहान मुली मजा वाटून बघत राहिल्या.

सून मला एसटीपर्यंत सोडायला आली. वाटेत मी तिला विचारलं, तो निघाला तेव्हा तू विचारलं नाहीस, कुठे चाललास म्हणून? प्रश्नात नको तेवढी धार होती. ती दचकून थांबली. जाणाऱ्याला कुठं म्हणून विचारायचं नसतं, ती म्हणाली. विचारलं की वाट आडवी येते, माणूस परत येत नाय. तो परत यावा म्हणून तर ती तोंड दाबून दारात उभी राहिली होती.

ही रीत आमच्या मिरजेकडेही आहे. लहानपणापासून मला ठाऊक होती. वडील तालुक्याला निघाले आणि मी "कुठं चाललाय?" म्हटलं की आई पाठीत धपाटा घालायची. पण त्या सकाळी दही घालून आई आत निघून गेली, तेव्हा ती तोंड दाबून गेली असेल, हे मला तीन महिने सुचलं नव्हतं. आणि मी काय केलं होतं? एकदम उठले न गेले.

थोडं पुढे गेल्यावर तिनं मला विचारलं, तुज्या मागं कोण हाय? म्हणजे घरी कोण असतं, एवढाच अर्थ. हाच प्रश्न मी त्या तीन महिन्यांत कितीतरी लोकांना विचारला होता. मी आई, वडील, धाकटा भाऊ असं सांगितलं. ती म्हणाली, मंग त्यांना ठाव हाय ना, तू हितं हाय? एसटी आली म्हणून सुटले.

त्याच दिवशी बोईसर स्टेशनजवळच्या टपालपेटीत कार्ड टाकलं. आईला लिहिलं, मी बोईसरला असते, हा पत्ता, काम पालघरला आहे, बरी आहे. दुसरं काही सुचलं नाही. आठ दिवसांनी उत्तर आलं. आईला लिहिण्याची सवय नव्हती. वाकड्या अक्षरात दोनच शब्द होते, "पत्ता मिळाला." ते कार्ड मी खोलीत स्टोव्हच्या वरच्या फळीवर उभं करून ठेवलं. खोली तीच होती, कुलूप तेच. संध्याकाळी दार उघडल्यावर अजूनही कुणी नसायचं. पण मी इथे आहे हे कुणाला तरी ठाऊक होतं, आणि त्यानं फरक पडतो.

उरलेले दोन महिने मी त्याला शोधत राहिले. निधनवार्तेला येणाऱ्यांनाही विचारायची, तुमच्याकडच्या भट्टीवर असा कुणी दिसला का? काका शिरगावच्या, सातपाटीच्या माणसांकडे चौकशी करायचे, त्याला कुणी होडीवर घेतलं असेल म्हणून. कुठेच पत्ता लागेना. मेअखेरीस माझी उमेदवारी संपली. निघायच्या आधी मी मास्तरांना माझा मिरजेचा पत्ता लिहिलेली दोन कोरी कार्डं पाठवली. काकांचा निरोप घेताना म्हटलं, काका, तुम्ही विचारलं होतं. ते म्हणाले, येवढं काय घेऊन बसलात, आनि या परत. कुठे निघाले ते त्यांनी विचारलं नाही. या वेळी मला त्याचं बरं वाटलं.

ऑगस्ट अर्धा झाला होता तेव्हा माझ्याच अक्षरातला पत्ता असलेलं कार्ड मिरजेला आलं. मागे मास्तरांचे मोती. "सदर इसम भाताच्या आवणीस (लावणीस) घरी परत आला आहे. प्रकृती ठीक. कोठे होता याची कोणी विचारणा केलेली नाही. त्याच्या पत्नीचे म्हणणे आहे की, पेपरात द्यावे. ही विनंती."

मी ते कार्ड घेऊन घरभर नाचले. भाऊ म्हणाला, कोण आला? मला सांगताच येईना. त्याच दिवशी बातमी लिहिली, सहापैकी पाच ककार घातले आणि पालघरला पाठवली. तीन आठवड्यांनी संपादकांचं उत्तर आलं. वाचून फार आनंद झाला, असं त्यांनी लिहिलं होतं, काकांनीही पेढे वाटले. पण माणूस घरी परतला ही बातमी होत नाही, हे तुला शिकवायचं राहिलं. आणि या अंकात जागाही नव्हती.

मला इतका संताप आला की मी त्यांना उत्तरच लिहिलं नाही. पुढे मी तीस वर्षं पेपरांत काढली, मोठ्या मोठ्या टेबलांवर बसले, आणि मीही कितीतरी जणांना हेच सांगितलं, ही बातमी होत नाही. ते साप्ताहिक केव्हाच बंद पडलं. काका गेले. म्हणजे वारले, मी नीट विचारून घेतलंय. पण जुन्या अंकांचा गठ्ठा अजून कुठे माळ्यावर पडला असेल, तर त्यात त्या माणसाचं निधन आहे. आमची तीन ओळींची दिलगिरी आहे. तो आल्याचं कुठेच नाही. तिनं माझ्याकडे दोनदाच काही मागितलं. पहिल्यांदा मी चुकीचं छापलं, दुसऱ्यांदा छापलंच नाही.

तेव्हा आता कुणाला न विचारता देते. मनोरच्या पुढच्या डोंगरातला, धडधाकट, दिवाळीनंतर एकदम उठून गेलेला एक माणूस भाताच्या आवणीला घरी परत आला. घरी आई, पत्नी व दोन मुली असा परिवार आहे.